चौथ्या मजल्याचं तांत्रिक कारण

आमच्या इमारतीला सहा मजले आहेत, पण मी आले तेव्हा लिफ्टला पाचच होते. चौथ्यावर ती थांबत नसे. तळमजल्यावर जाळीच्या दाराशेजारी एक पुठ्ठा टांगलेला होता: 'चौथा मजला – तांत्रिक कारण'. कोणतं कारण, कधीपर्यंत, असलं काही नाही. कोणाला चौथ्यावर जायचं असलं की लिफ्टमावशी एवढंच विचारायची, "चढायचंय की उतरायचंय?" चढायचंय म्हटलं तर तिसऱ्यावर सोडायची, उतरायचंय म्हटलं तर पाचव्यावर. लोकांनी आठ महिने हे चालवून घेतलं होतं. माणसाला दोन पर्याय दिले की निर्णय आपणच घेतला असं त्याला वाटतं आणि तो तक्रार करत नाही.

लिफ्ट जुनी, बटणांची नव्हे, दांड्याची. पितळी दांडा डावीकडे ढकलला की वर, उजवीकडे ढकलला की खाली, हात काढला की दांडा आपोआप मधे येतो आणि लिफ्ट आहे तिथे थांबते. नेमकी मजल्याशी थांबवणं ही कला. लिफ्टमावशी थांबवायची तेव्हा लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यांच्यामध्ये नखसुद्धा अडकत नसे. सव्वीस वर्षांत कोणी ठेचकाळलं नाही, असं ती सांगायची. तिच्या स्टुलावर एक उशी होती. ती मात्र नवीकोरी.

माझा दवाखाना सहाव्यावर. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण गुडघे-खांदे बघत नाही. बायकांच्या ओटीपोटाच्या तळाशी, माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत, झोळीसारखे स्नायू ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय, सगळा संसार त्या झोळीत बसलेला असतो. बाळंतपणानं, वयानं, जुनाट खोकल्यानं झोळी सैल पडली की शिंकताना, हसताना, धावताना लघवी सुटते. ते स्नायू आवळायला शिकवणं हे माझं काम. दिवसभर मी बायकांना "आवळा, धरा, सोडा" एवढंच म्हणते. जागा भाड्यानं घेताना मालकाला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे व्यायामशाळा." मी हो म्हटलं. तेव्हापासून तो मला पहिलवान म्हणतो.

शेजारी दाताचा डॉक्टर. माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई लिफ्टमध्ये "सहावा, दाताच्या डॉक्टरकडे" असंच सांगायची. त्यामुळे इमारतीत त्याचं फार नाव झालं. बायका त्याच्याकडे जाताना पडलेल्या चेहऱ्यानं जातात आणि तीन महिन्यांनी हसत बाहेर पडतात, असा त्याचा लौकिक होता. त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

एका दुपारी लिफ्टमध्ये मी आणि मावशी दोघीच होतो. चौथा गेला आणि मावशीनं अचानक दांडा सोडला. लिफ्ट थांबली. मावशीनं एका हातानं जाळी धरली, पायाला पाय घट्ट जुळवले, डोळे मिटले आणि शिंकली. मग थोडा वेळ तशीच उभी राहिली, आतून काही निरोप येतोय का याची वाट बघितल्यासारखी.

"शिंकेला लिफ्ट थांबवायची असते?" मी विचारलं.

"नियम आहे."

"कसला?"

"सुरक्षेचा."

"मावशी, किती दिवस होतंय हे?"

"शिंक? आत्ताच आली."

"शिंक नाही."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "तू दातवाली नाहीस ना?"

"नाही."

"वाटलंच मला. एवढ्या बायकांचे दात एकदम कसे दुखतील? आणि परत येताना एकीचाही गाल सुजलेला नाही." तिनं दांड्याला हात लावला नाही. खालून कोणीतरी घंटी वाजवली. "वाजू दे," ती म्हणाली. "या इमारतीत बोलायला खासगी जागा ही एवढीच. चौथ्या आणि पाचव्याच्या मधे." मग तिनं आवाज खाली आणला. "ते तांत्रिक कारण आहे ना, पुठ्ठ्यावरचं? ते मी आहे."

चौथ्यावर विमा कंपनीचं ऑफिस आहे. तिथे नुकसानभरपाईचे अर्ज वाचायला एक बाई बसतात. सगळे त्यांना विमाबाई म्हणतात. बावीस वर्षं रोज साडेपाचला विमाबाई लिफ्टमध्ये शिरायच्या आणि चौथ्यापासून तळापर्यंत त्या दिवसातला एक अर्ज सांगायच्या. कोणाचा ते कधी सांगायच्या नाहीत, फक्त मजकूर. आणि सांगताना स्वतः कधी हसायच्या नाहीत.

"चेहरा असा की मयताला आलीय," मावशी म्हणाली. "आणि मी इकडे दांड्याला लोंबकळून हसतेय. आठ महिन्यांपूर्वी तिनं एक सांगितला. कोणाची तरी छत्री हरवलेली. अर्जात विचारलेलं, वस्तू शेवटची कुठे दिसली? त्यानं लिहिलेलं, 'शेवटची दिसली तेव्हा उघडी होती आणि वर चालली होती.'" मावशीच्या ओठाचा कोपरा थरथरला. तिनं लगेच पाय जुळवले. "बघ. अजून पण."

"मग?"

"मग काय? उशी गेली."

तिनं विमाबाईंना सांगितलं की पाण्याची बाटली सांडली. विमाबाईंनी खाली पाहिलं. बाटली कोपऱ्यात उभी होती, झाकण लावलेलं होतं. विमाबाई काही बोलल्या नाहीत. त्या रात्री मावशीनं पुठ्ठा रंगवला.

"रोज साडेपाचला ती जाळीशी येऊन उभी राहते. हात वर करते. मी छताकडे बघत खाली निघून जाते."

"छताला काय आहे?"

"एक बल्ब. आता तो पाठ झालाय." खालची घंटी तिसऱ्यांदा वाजली. "तीन महिन्यांनी निवृत्त होतेय ती. बावीस वर्षं मी तिला खाली आणलं, आणि शेवटच्या दिवशी ती जिन्यानं उतरणार. तुझ्याकडे गोळी असेल तर दे."

"गोळी नाही. शिकावं लागेल."

"किती दिवस?"

"तीन महिने."

मावशीनं दांडा डावीकडे ढकलला. "बसतंय बरोब्बर," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी मी तिला नीट समजावून, तिला चालतंय का ते विचारून, तपासलं. मग चिकटपट्ट्या लावून यंत्र जोडलं. स्नायू आवळला की पडद्यावरची रेघ वर जाते. मग मी प्रत्येकीला सांगते तेच वाक्य तिला सांगितलं. हे वाक्य मी कधी लिफ्ट चालवणाऱ्या बाईला सांगेन असं मला वाटलं नव्हतं.

"आता कल्पना करा, आत एक लिफ्ट आहे. ती हळूहळू वर न्यायची."

मावशी उठून बसली. "कुठली लिफ्ट?"

"कुठलीही."

"कुठलीही कशी? दांड्याची की बटणाची?"

"तुमचीच समजा."

"मग नीट सांग की." ती परत आडवी झाली, श्वास कोंडला, भुवया कपाळाच्या वर नेल्या, गाल लाल केले. रेघ जागची हलली नाही. माझ्या हाताला मात्र कळलं.

"मावशी, खाली चाललीय."

"शक्य नाही."

"तुम्ही आवळत नाही आहात, ढकलताय. पुष्कळ जणी असंच करतात. तळघरात चाललीय लिफ्ट."

"आपल्या इमारतीला तळघर नाही," मावशी म्हणाली. ती खरोखर दुखावली होती. सव्वीस वर्षांत तिला वर म्हटल्यावर तिची लिफ्ट खाली गेलेली नव्हती. थोडा वेळ ती छताकडे बघत राहिली. माझ्या छताला ट्यूबलाइट आहे, तिच्याकडे पाठ करण्यासारखं काही नाही. मग ती म्हणाली, "दार बंद केलंस का?"

"कुठलं?"

"लिफ्टचं! तू सरळ वर ने म्हणतेस. जाळी उघडी असताना लिफ्ट वर जात नाही. आधी दार बंद, मग वर."

तिनं आधी दार बंद केलं, म्हणजे लघवी आणि वारा दोन्ही अडवताना बंद करतो ते. मग वर नेली. रेघ पहिल्या मजल्याएवढी वर गेली. एक सेकंद थांबली, खाली आली.

कॉलेजात चार वर्षं मला हे असं कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी सगळ्या पेशंटना आधी दार बंद करायला सांगते. मान्यवर तज्ज्ञ म्हणून मावशीचा उल्लेख करता येत नाही, एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात अडचण आली. मावशी सराव कामावर करत होती, लिफ्ट वर जाताना आवळायचं, वर धरायचं, खाली येताना हळूहळू सोडायचं. हळू सोडण्यात तर तिचा हात कोणी धरू शकलं नसतं. "धप्पकन सोडायची नसते," ती म्हणायची, "आत माणसं असतात." पण दवाखान्यात आडवी झाली की रेघ झोपलेली.

"दांडा नाहीये हातात," ती म्हणाली.

"दांड्याचा काय संबंध?"

पुढच्या खेपेला तिनं पिशवीतून वरच्या यंत्रघरातला जादा दांडा आणला. पितळी, दोन किलोचा. छातीवर धरला, डावीकडे ढकलला. रेघ तिसऱ्या मजल्यावर गेली आणि तिथे सात सेकंद उभी राहिली. मी फाइलमध्ये लिहिलं: 'दांड्यासह सात सेकंद. दांड्याविना शून्य.' अशी नोंद याआधी कोणी केली असेल असं वाटत नाही.

मग दांडा सोडवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आधी दांड्याऐवजी लाटणं. चार दिवसांनी पेन्सिल. मग नुसती मूठ. मग अंगठा. सहाव्या आठवड्यात मावशी दोन्ही हात पोटावर ठेवून, नेहमीसारखा श्वास घेत, लिफ्ट चौथ्यावर नेऊन उभी करू लागली. भुवया तेवढ्या मजल्यामजल्यानं वर जायच्या. कामावरच्या सरावातही तेच. पाचव्याला उतरणाऱ्या लोकांना वाटायचं, आपल्यात हिला काहीतरी खटकलंय. ते अदबीनं वागू लागले. मावशीनं मग भुवयाही सोडवल्या.

शिंक जमली. शिंक यायच्या आधी नाकात हुळहुळतं, तेवढ्यात दार बंद करायचं. खोकला जमला. पिशवी उचलणं जमलं. पण हसू सांगून येत नाही.

"मला हसवून बघ," मावशी म्हणाली.

मी हसवून बघितलं. तीन आठवडे मी तिला विनोद सांगितले. ती लक्ष देऊन ऐकायची.

"हं. मग?"

"मग काही नाही. संपला."

"बरं."

रेघ शांत. तिचा स्नायू बळकट झालाय की माझा विनोद पडलाय, हे यंत्राला सांगता येत नाही. मी दाताच्या डॉक्टरलाही, कारण न सांगता, एक विनोद सांगायला लावला. मावशीनं त्याला विचारलं, "तुमच्याकडे सुन्न करायचं इंजेक्शन देतात, त्याआधी हे सांगता का?"

चार आठवडे उरले होते. मी दोन मजले जिना उतरून चौथ्यावर गेले.

विमाबाई बारीक चणीच्या, चष्मा दोरीला, चेहरा खरोखर मयताला आल्यासारखा. मी म्हटलं, मी वरची फिजिओ, माझ्या एका पेशंटला उपचार म्हणून हसवायचंय, तुमच्याकडे काही मजकूर असेल तर.

त्यांनी चष्मा लावला. "तिच्यासाठी हवाय ना?"

"कोणासाठी?"

"मी बावीस वर्षं खोटे अर्ज वाचतेय गं."

पेशंटचं नाव सांगायचं नसतं. विमाबाईंनीही विचारलं नाही. त्यांनी एक कागद ओढला, लिहिला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "हा हलका आहे. यानं सुरुवात कर. एकदम मोठा देऊ नकोस, सवय राहिली नसेल."

अशी मी टपाल वाहू लागले. पहिला होता: 'कपाट पडलं. पडलं तेव्हा मी आत होतो.' मावशी खुदकन हसली. रेघ कोसळली आणि मावशी संकोचून म्हणाली, "गेलं थोडं." दुसऱ्यांदा तोच वाचला, तेव्हा गेलं नाही. पुढच्या आठवड्यात मध्यम: 'जिन्यावरून पडलो. अर्ध्यावर शेजारी भेटले म्हणून थांबून बोललो, मग पुढे पडलो.' रेघ हेलकावली, पण दार बंद राहिलं. मग मोठा: 'चोरांनी कुत्रा सोडून सगळं नेलं. कुत्रा खचला आहे. त्याची भरपाई मिळावी.' मावशी टेबलावर आडवी हसली, उठून बसून हसली, उतरून उभी राहून, टाचा उचलून हसली. मी पडद्याकडे बघत होते. रेघ पाचव्यावर.

"कोरडी?" मी विचारलं.

"खडखडीत," मावशी म्हणाली. मग तिनं तो कागद हातात घेऊन अक्षर बघितलं. बराच वेळ बघितलं. "कोरे अर्ज मिळतात का गं तिच्याकडे?"

"कसले?"

"नुकसानीचे. एक आण."

शेवटच्या दिवशी सव्वापाचला मावशीनं मला बोलावून घेतलं. "तू लिफ्टमध्ये थांब. काही बोलू नकोस. सामान असल्यासारखी उभी राहा." मी सामानासारखी उभी राहिले. साडेपाचला आम्ही तळमजल्यावरून निघालो. तिसरा गेला. मावशीनं छताकडे बघितलं नाही.

चौथ्यावर विमाबाई उभ्या होत्या. हातात खोकं, खोक्यात एक छोटं रोप, कॅलक्युलेटर आणि चपलांचा जोड. त्यांनी सवयीनं हात वर केला, आणि लिफ्ट समोर येऊन थांबली. फरशीला फरशी, नखाएवढंही अंतर नाही. मावशीनं जाळी उघडली.

"चढायचंय की उतरायचंय?" मावशी म्हणाली.

"उतरायचंय," विमाबाई म्हणाल्या आणि आत आल्या.

जाळी लागली. लिफ्ट खाली निघाली. दोघी समोर बघत होत्या. तिसरा आला, गेला. मला वाटलं, संपलं, या अशाच तळाला पोचणार. मग मावशीनं दांडा सोडला. तिसऱ्या आणि दुसऱ्याच्या मधे लिफ्ट थांबली. मावशीनं खिशातून घडी घातलेला अर्ज काढून पुढे केला.

"माझं काम संपलं पाच वाजता," विमाबाई म्हणाल्या.

"शेवटचा घे. वाच. मोठ्यानं."

विमाबाईंनी खोकं खाली ठेवलं, चष्मा लावला आणि त्यांच्या त्या मयताच्या आवाजात वाचायला लागल्या. "अर्जदार: लिफ्ट. नुकसान झालेल्या वस्तू: उशी, एक. मैत्रीण, अकरा महिने. घटनेचं कारण: छत्री. घटनेचं वर्णन: छत्री वर चालली होती, त्याच सुमारास माझं खाली आलं." त्या थांबल्या. चष्मा सारखा केला. "इतर कोणी जबाबदार असल्यास: बाटली निर्दोष आहे. तिचं झाकण..."

पुढचं त्यांना वाचता आलं नाही. आधी खांदे हलले. मग नाकातून एक आवाज आला. मग बावीस वर्षांत पहिल्यांदा विमाबाई हसल्या, आणि हसणं म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसासारख्या हसल्या, एकदम सगळं, तोंड उघडून, जाळीला धरून. त्यांना बघून मावशी सुटली. ती स्टुलावरून उठली, दांड्याला लोंबकळली, हसता हसता डोळ्यांतून पाणी काढलं. मी तिच्याकडे बघत होते. सामानाला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून नुसत्या भुवया वर केल्या. मावशीनं मोकळा हात माझ्यासमोर धरला. पाच बोटं. मग दुसऱ्या हाताचा अंगठाही उचलला. सहावा मजला.

तेवढ्यात विमाबाई हसायच्या थांबल्या. पायाला पाय जुळवले. दोन्ही हातांनी जाळी धरली. "थांब," त्या म्हणाल्या, "अगं थांब, नको हसवू..."

"बाटली," विमाबाई थोड्या वेळानं म्हणाल्या.

मावशीनं वाकून खोक्यात बघितलं. रोप, कॅलक्युलेटर, चपला. "झाकण लावलेलं होतं का?"

"गप गं." विमाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "धाकट्याच्या वेळेपासून आहे हे माझं. म्हणून तर हसत नाही मी. हसले की संपले."

"धाकटा केवढा तुझा?"

"एकतीस."

मावशी त्यांच्याकडे वळली. "म्हणजे ती उशी गेली तेव्हा तुला कळलं होतं?"

"झाकण बघितलं तेव्हाच. पण बोलणार कशी? तुझं बोलायचं तर माझंही बोलावं लागलं असतं. म्हटलं, रोज उभं राहावं. एक दिवस थांबेलच."

"एकतीस वर्षं," मावशी म्हणाली. "आणि मी समजत होते तू विनोदी आहेस."

विमाबाईंनी अर्ज जाळीवर टेकवला, खोक्यातून पेन काढलं आणि खाली 'मंजूर' लिहून सही केली. कामाची वेळ संपलेली होती, पण मी सामान होते, मी काही बघितलं नाही. खालून घंटी वाजली. मावशीनं दांड्याला हात घातला आणि डावीकडे ढकलला.

"अगं, तळ तिकडे आहे," विमाबाई म्हणाल्या.

"तळाचंच बघायला चाललोय. घाई आहे का? उद्यापासून तुला ऑफिस नाही. तीन महिने लागतात. आणि ऐक, पहिल्याच दिवशी ही तुला सरळ वर ने म्हणेल. ऐकू नकोस. आधी दार बंद, मग वर."

"मी आता आधी दारच सांगते," मी म्हणाले.

"सामान बोलत नाही," मावशी म्हणाली.

तिसरा गेला. चौथा गेला. सहाव्यावर लिफ्ट फरशीला फरशी लावून थांबली. समोर दाताचा डॉक्टर घरी जायला निघालेला, हातात डबा. त्यानं विमाबाईंचे लाल डोळे बघितले, जुळवलेले पाय बघितले आणि जाणकाराच्या सहानुभूतीनं विचारलं, "दाढ का?"

"दाढच," आम्ही तिघी म्हणालो.

"उद्या या, बघून टाकू," तो म्हणाला. "घाबरू नका. माझ्याकडच्या सगळ्या बायका तीन महिन्यांत हसत बाहेर पडतात."